कॅमेऱ्याला मिळणारा दुसरा पत्ता

सूरजचं कोइमतूरला सोनं गाळायचं दुकान होतं. आटपाडीजवळच्या वाडीवर त्यानं नवं घर बांधलं होतं, पण तिथं म्हातारे आईबाप, बनाबाई आणि कोंडीबा, दोघंच राहायचे. लकवा झाल्यापासून बनाबाई अंथरुणाला खिळली होती. तिला भरवण्यापासून धुण्यापुसण्यापर्यंत सगळं कोंडीबा करायचा. सूरजनं घरभर वायफाय पोचवणारे, एकमेकांशी जोडलेले मेशचे डबे बसवले, आईच्या खाटेसमोर उंचावर कॅमेरा लावला. भट्टीजवळ बसल्याबसल्या तो मोबाईलवर आईला बघायचा.

दिवाळीनंतर कॅमेरा रोज सकाळी थोडा वेळ बंद पडायला लागला. मग आपोआप सुरू व्हायचा. सूरजनं सगळे डबे बंद-चालू करायला लावले, फरक पडला नाही. शेवटी एका सकाळी त्यानं ॲपमधले आयपी पत्ते, म्हणजे वायफायनं प्रत्येक यंत्राला दिलेले नंबर, तपासले. टीव्हीचा, फोनचा पत्ता नेहमीचा होता. कॅमेऱ्याला मात्र भलताच पत्ता मिळाला होता. म्हणजे मेशच्या मुख्य डब्याशिवाय घरात आणखी एखादं यंत्र असे पत्ते वाटत होतं.

त्यानं फोन लावला. "आबा, मेशच्या आधीचा जुना राउटर कुणी जोडलाय का?"

"न्हाई रं," कोंडीबा म्हणाला.

सूरज गाडी पकडून घरी आला. जिन्याखाली ज्वारीच्या पोत्यांमागं जुना राउटर सापडला. त्याची वायर मेशच्या डब्यात खोचलेली होती.

"ह्यो कुणी लावला, आबा?"

कोंडीबा खाली बसला. "मीच. वायरमन म्हणाला हुता, ह्यो चालू केला की कॅमेऱ्याला चुकीचा पत्ता मिळतो, त्यो गंडतो. रोज सकाळी जरा येळ चालू करायचो, मग बंद. कॅमेऱ्याची पिन काढली की तू फोनवर वरडायचास. वायफाय बिघडलंय म्हटलं की गप बसायचास."

"पण कशापायी?"

"तुज्या आईला मी धुतो तवा ती त्या कॅमेऱ्याकडं बघून रडती. लय रडती. लेकानं असं बघू न्हाई म्हणती."

"मी तसल्या येळंला बघतोय व्हय? आन् ती पडली-झडली तर तुमी एकटं काय करणार?"

सूरजनं जुना राउटर काढून पिशवीत घातला, कॅमेऱ्याला मुख्य डब्यातून कायमचा एकच पत्ता बांधून दिला. निघताना तो आईच्या पाया पडला. तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

त्यानंतर चित्र एकदाही गेलं नाही. एका सकाळी दुकानात सूरजनं मोबाईल उघडला. कोंडीबा बादली घेऊन खाटेजवळ आला होता. बनाबाईनं चालत्या हातानं पदर ओढून तोंड झाकलं, आणि अंगावरची चादर दातात धरून ठेवली. कोंडीबा तिला समजावत होता. ती सोडेना. सूरजनं मोबाईल पालथा घातला. त्या दिवशी त्याच्या हातून काम झालं नाही.

पण कॅमेरा काढा, असं म्हणायला त्याची जीभ रेटेना. आठवडा असाच गेला. मग बनाबाईला दुसरा झटका आला. डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं.

"आबा, कॅमेरा काढून टाका," फोनवर सूरज रडत म्हणाला.

"ऱ्हाऊ दे आता," कोंडीबा म्हणाला. "तिला आता काय कळत न्हाई. तू बघ."

सूरजनं त्याच संध्याकाळची गाडी धरली. वाटेत त्यानं मोबाईल एकदाही उघडला नाही. तो पोचायच्या आधीच ती गेली होती.