गोळी उतरेपर्यंत

डोंगरातली लांब शर्यत उद्यावर आली होती, म्हणून ताईच्या दवाखान्यातला बाक सकाळीच भरला होता. ताई फिजिओथेरपिस्ट, आणि बाकावरची मंडळी डोंगरवाटांनी धावणारी. एकाची टाच गेलेली, एकीचा गुडघा, एका बँकवाल्याचा घोटा वांग्यासारखा टम्म. नवे दागिने दाखवावेत तशी सगळी एकमेकांना दुखापती दाखवत होती. बरं व्हायला मात्र कोणी आलं नव्हतं. सगळ्यांना दुखऱ्या जागी चिकटवायची टेप हवी होती. निळी की गुलाबी, इतकाच काय तो वैद्यकीय प्रश्न उरला होता.

मधोमध कॅप्टन. म्हणजे त्यांचा प्रशिक्षक. पूर्वी पंखे विकायचा, आता जिद्द विकतो. "दुखणं म्हणजे आगंतुक पाहुणा," तो गुडघेवालीला सांगत होता. "पाणी विचारलंत की मुक्काम ठोकतो."

ताईने दात आवळले आणि पहिला पेशंट आत घेतला. पहिला पेशंट तिचा सख्खा धाकटा भाऊ होता. चाळिशीला टेकलेला, दोन मुलींचा बाप. मागच्या आठवड्यात तिने त्याच्या नडगीवर नुसता अंगठा टेकवला होता, तर गडी टेबलावरून वीतभर उडाला होता. हाडाला बारीक चीर होती. धावणं बंद, असं तिने बजावलं होतं.

आज तिने तिथेच अंगठा दाबला. भाऊ छताकडे बघून हसला.

"दुखतंय?"

"छे!"

"लंगडी घाल बघू."

त्याने दुखऱ्या पायावर खोलीभर लंगडी घातली, वर एक गिरकी घेतली. "आता तरी जाऊ दे ना ताई. वर्षभर घाम गाळलाय."

ताई बघत राहिली. चिरलेलं हाड आठवड्यात सांधायला तो काय पाटाचा पाय होता?

"काय घेऊन आलायस?"

"काही नाही गं."

"माझ्याकडे बघून बोल."

"दुखणं मारायची गोळी," तो टेबलाला म्हणाला. "सगळेच घेतात. तपासणीला एक, शर्यतीला दोन. कॅप्टनच म्हणतात, फिजिओकडे रिकाम्या पोटी आणि दुखऱ्या पायाने जायचं नसतं."

ताईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिने दार उघडलं.

"आज गोळी न घेता कोण आलंय?"

बाकावरच्या सगळ्यांना एकदम आपापल्या बुटांच्या नाड्या दिसू लागल्या.

"शाब्बास. म्हणजे मी इतके दिवस तुमचे पाय तपासत नव्हते, औषध कंपनीचा माल तपासत होते! कोणालाही टेप मिळणार नाही. दारू उतरते तशी गोळीही उतरते. ती उतरेपर्यंत बसा, मग बघते."

"मॅडम, हे सगळं मानसिक असतं," कॅप्टन समजुतीच्या सुरात म्हणाला.

"उत्तम. मग दुपारी तुम्ही मनानेच लंगडी घाला. आधी तुमचाच नंबर."

टेपच्या आशेने सगळे बसून राहिले. तासाभरात गप्पा आटल्या. मग टाचवाल्याने हळूच बूट काढला. गुडघेवाली बसल्याजागी चुळबुळू लागली. बँकवाला डोळे मिटून पुटपुटत होता. त्यात देवाचं नाव नव्हतं, कॅप्टनचं होतं. दुपार कलायला लागली तशी कॅप्टनला तातडीच्या कामाची आठवण झाली आणि आगंतुक पाहुण्याला सोबत घेऊन, भिंत धरधरून तो निघून गेला.

भाऊ आत टेबलावर बसून होता. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"चल. घाल लंगडी."

तो उतरला. चांगला पाय उचलायला गेला आणि तसाच थिजला. टेबलाची कड धरून त्याने पाय परत टेकवला. कपाळावर घाम. ताईला वाटलं, सुटले, आता तरी याला कळलं.

"ताई," तो म्हणाला, "उद्या दोनच्या ऐवजी तीन घेतल्या तर?"

क्षणभर तिचा हात खरंच उठला. लहानपणी उठायचा तसा.

"घे ना. चार घे. मग हाड मोडलं तरी तुला पत्ता लागणार नाही, मागून येणारे सांगतील. दरीतून तुला वर कोण आणणार? कॅप्टन? त्याला इथून रस्त्यापर्यंत जाता येईना! पोरींना काय सांगू मी? बाबांनी पाहुण्याला पाणी विचारलं नाही म्हणून?"

भाऊ दाताखाली ओठ धरून उभा राहिला, आणि मग हमसून रडायलाच लागला. हाडासाठी की शर्यतीसाठी, ते तिने विचारलं नाही. तिला दोन्हींचा राग आला होता.

तिने त्याच्या बायकोला फोन करून गाडी घेऊन बोलावलं. कपाटामागून कुबड्या ओढून काढल्या, आदळत आपटत त्याच्या उंचीला बसवल्या आणि त्याच्या काखेत दिल्या.

तो दोन पावलं चालला. "काखेत दुखतंय गं."

"दुखू दे," ताई म्हणाली आणि बाकावरच्या पुढच्याला हाक मारायला वळली.