शेऱ्याचा रकाना

रेवतीने फ्रीझरमधले मटार खालच्या कप्प्यात हलवले आणि त्या जागी दोन फोन ठेवले. एक तिचा, जुना, बटणांचा, टॉर्चवाला. दुसरा विश्वासने परवाच आणलेला, छोट्या कीबोर्डचा, ईमेल पाठवणारा. दोन्ही प्लास्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधलेले, दोन्ही चालू, मध्ये थर्मामीटर. तिने वेळ लिहिली : दोन वाजून दहा मिनिटं.

"मम्मी, यार, आइस्क्रीम कुठे ठेवू?" भक्तीने विचारलं.

"खाऊन टाक."

"बिल्कुल! असे प्रयोग रोज कर."

पंधरा दिवसांनी रेवती गढवालात एकोणीस दिवस चालायला जाणार होती. सतरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच एकटी. दिल्लीतल्या एका सरकारी प्रयोगशाळेत ती तापमापकं तपासायची. रोज संध्याकाळी गुडगावच्या चौदाव्या मजल्यावरच्या घरी परतताना नवऱ्याला तिचे तीन मेसेज ठरलेले असत : निघाले. टोल ओलांडला. गेटवर आहे. एखादा राहिला की विश्वासचा फोन यायचा. तो चिडत नसे. "काळजी वाटते गं," एवढंच म्हणायचा.

ट्रेकलाही त्याने आनंदाने हो म्हटलं आणि पाठोपाठ हा फोन आणला.

"रोजची डायरी यावरच लिही. सिग्नल आला की आपोआप जाईल. मी ग्रुप केलाय, एकतीस जण. पुण्याला आई तर प्रिंट काढून घेणार आहे."

"डायरी मी वहीत लिहिणार होते."

"वहीतलं कोण वाचणार?"

कुणी वाचू नये, हेच तर तिला हवं होतं. पण ती म्हणाली, "वर हा टिकणार नाही. थंडीत बॅटरी बसते."

"आकडे दाखव," विश्वास हसला. "नाही टिकला तर तुझं ते डबडं ने. गाव लागलं की एक मेसेज, बस. प्रॉमिस."

म्हणून रविवारच्या दुपारी ती फ्रीझरपाशी उभी होती. दर दोन मिनिटांनी दार किलकिलं करून ती आकडे टिपत होती. अडतिसाव्या मिनिटाला नवा फोन मेला. तापमान उणे सोळा. जुना मख्खपणे चालूच होता. रेवतीची बोटं गारठली होती, तरी तिला एकदम हलकं वाटलं. एकोणीस दिवस, आणि कुणी विचारणार नाही की कुठवर पोहोचलीस.

मेलेला फोन पुसताना तो तिच्या हातातच राहिला. मग तिने तो काखेत धरला. वीस मिनिटांनी बटण दाबलं, तर पडदा उजळला. फोन चांगला तासभर चालला.

टेबलावर तक्ता होता. शेवटचा रकाना शेऱ्याचा. तिने पेनाने लिहिलं : अंगाच्या उबेत वीस मिनिटं ठेवल्यावर पुन्हा सुरू, एक तास चालला. खाली वेळ घातली, आणि मगच तिच्या लक्षात आलं की आपण काय लिहून बसलो.

तिने पट्टी घेतली आणि त्या ओळीवर एक रेघ मारली. शेजारी सही, तारीख. प्रयोगशाळेत नोंद गिरवून काळी करत नाहीत, पान फाडत नाहीत. एकच सरळ रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. वीस वर्षांत तिचा हात याखेरीज दुसरं खोडणं शिकलाच नव्हता.

चहाच्या वेळी विश्वासने तक्ता वाचला. "अडतीस मिनिटं? हरलो बाबा! ने तुझं डबडं."

रेवतीने बशी उचलली. त्याचं बोट शेवटच्या रकान्यावर थांबलं.

"हे का खोडलंस? चुकलं होतं?"

तिने बशी पुन्हा खाली ठेवली.

"रेवती? चूक होती का?"

"नाही," ती म्हणाली.

"अगं मग! उत्तर तूच काढलंस की. अंगाशी ठेवायचा. झोपतानासुद्धा." त्याचा चेहरा खराच उजळला होता. "तुझ्यासारखं नीट काम कुणी करत नाही."

पुढच्या शनिवारी तिने लोकरीच्या बंडीला आतून, डाव्या बाजूला, खिसा शिवला. मापाने, दोन मिलिमीटर सैल.

"पप्पा, मम्मीचं कांगारू केलंत तुम्ही!" भक्ती म्हणाली.

"बंडी घालून उभी राहा," म्हणत विश्वास आपला फोन घेऊन बाल्कनीत गेला. शिवणयंत्राशेजारी ट्रेकसाठी आणलेली नवी वही तशीच पडली होती. रेवतीने नवा फोन आतल्या खिशात सरकवला आणि बंडी अंगावर चढवली. क्षणभराने तिच्या बरगडीवर फोन थरथरला.

"पोहोचतंय का?" बाल्कनीतून आवाज आला.

फोन अजून थरथरतच होता. अंगाची ऊब त्याला लागायला लागली होती.

"पोहोचतंय," ती म्हणाली.