तळ्याकडची भिंत

आश्रुबा गवंड्यानं पहार उचलली तशी धुरपताबाई उठली आणि त्याच भिंतीला पाठ लावून बसली. आता हाण म्हणावं पहार. आश्रुबानं तिच्या मुलाकडं, बन्सीधरकडं पाहिलं. बन्सीधरनं मान खाली घातली.

झरीच्या शाळेत मास्तरकी करत त्यानं वर्षभर या घराचा ध्यास घेतला होता. परभणीला जाऊन गोबरगॅसचं काम शिकून आला, गोठ्यामागं टाकी बांधली, आईच्या डोळ्यांतला चुलीचा धूर कायमचा काढला. गावानं मातीच्या छताची माळवदं उकलून पत्रे ठोकले. यानं पांढरी माती आणून माळवद पुन्हा भरलं. घराला लागेल ते घरातूनच निघावं, विजेची तारसुद्धा नको, हा त्याचा हट्ट. पारावर लोक म्हणायचे, "मास्तर आता पंखाबी शेणावर फिरवतंय." हसोत बापडे. पोरगं सोन्यासारखं काम करत होतं.

पंखाच लागू नये म्हणून ही भिंत फोडायची होती. तळ्यावरचा गार वारा आत यावा आणि आतला उकाडा माळवदातल्या साण्यातून, त्या धुराच्या भोकातून, वर निघून जावा. साधी गोष्ट.

पण ते तळं म्हणजे त्यांचंच वावर. बहात्तरच्या दुष्काळात गावासाठी तळं झालं आणि पाच एकर काळी जमीन पाण्याखाली गेली. धुरपताबाईनं नवऱ्याच्या बरोबरीनं खोदलेली विहीरही गेली. त्याच साली तिनं तिकडचं दार बुजवून घेतलं. त्याला बारा वर्षं झाली. नवरा गेला, पण तिनं काही तळ्याकडं तोंड केलं नाही.

"माय, उन्हाळ्यात तुलाच घाबरं होतंय, म्हून करायलोय."

"मी कवा म्हणले, सोसत न्हाई म्हून?"

बन्सीधरला फार वाईट वाटलं. सगळं घर पुरं झालं होतं, एवढा वारा तेवढा राहिला होता. पण आईला रडवून आणलेला वारा त्याला नको होता.

"ऱ्हाऊ द्या मामा," तो आश्रुबाला म्हणाला. "आवरा सामान."

धुरपताबाईनं त्याचे मातीनं फुटलेले हात पाहिले. मग ती उठली. बन्सीधरनं भिंतीच्या मधोमध कोळशानं खूण केली होती. ती तिनं पदरानं पुसली, कोळसा घेतला आणि दीड हात डावीकडं, खाली कमरेइतक्या उंचीवर चौकोन काढला.

"इतं फोडा."

"लय खाली हुईल, वैनी," आश्रुबा म्हणाला.

"मी खालीच बसून निवडती. बसल्या जागी दिसायला पायजे."

दुपारपर्यंत चौकोन मोकळा झाला. वारा असा आत आला की साण्याखालची धूळ सरळ वर चालली. बन्सीधर लहान पोरासारखा हरखला. जितकी खिडकी खाली, तितका वारा गार. हे त्याला परभणीत शिकवणाऱ्यांनीही सांगितलं नव्हतं.

"माय, बघ तरी," म्हणत तो वाकला आणि तसाच राहिला.

चैतानं तळं पार खाली गेलं होतं. खिडकीच्या अगदी मधोमध, दूर पाण्यातून, विहिरीचा गोल काठ वर आला होता.

धुरपताबाई जवारीचं सूप घेऊन खिडकीशी टेकली होती.

"मोटंकडचा दगुड ढळलाय," ती म्हणाली.