मनाने लिहिलेला आकडा

"ताई, मला तू दोन-दोन दिसतेयस गं," धाकटी म्हणाली आणि नर्सबाईने लगेच बीपीचं मशीन काढलं. बहिणीला आठवा महिना, पाय टम्म सुजलेले, सकाळपासून डोकं ठणकतंय. तिने बीपी मोजलं. एकशे ऐंशी-एकशे दहा. हात बदलून मोजलं, तरी तेच. अगं बाई! असल्या आकड्याला फिटचा झटका कधी येईल याचा नेम नसतो.

हल्ली दवाखान्याची गाडी कुणाकडे आधी धाडायची ते कॉम्प्युटर ठरवायचा. दर आठवड्याला नर्सबाया गरोदर बायकांचे आकडे टॅबमध्ये भरायच्या, त्यावरून तो धोका काढायचा. लाल नावाला लगेच गाडी, हिरव्याला थांबा. सोय चांगलीच होती हो, खोटं कशाला बोला! कितीतरी बायका तिच्यामुळे वाचल्या होत्या.

नर्सबाईने घाईघाईने आकडा भरला. टॅबवर उत्तर आलं, 'आधीच्या नोंदींशी जुळत नाही. चार तासांनी पुन्हा मोजा.' नाव हिरवंच!

तिने कंट्रोल रूमला फोन लावला. तिथला डॉक्टर म्हणाला, "सिस्टर, पाच आठवडे हिचं एकशे वीस-ऐंशी आहे. एका आकड्याचा फरक नाही. तुमचं मशीन बिघडलं असेल."

मशीन बिघडलं होतं, पण ते आधी. पाच आठवडे दंडाच्या पट्ट्यात हवाच भरत नव्हती, नवं परवा आलं. चौकट रिकामी ठेवली तर टॅब पुढे सरकायचा नाही आणि वरून बोलणी बसायची. मग काय, एकशे वीस-ऐंशी टाकून मोकळं व्हायचं. मशीन बंद पडलं की सगळ्याच तसं करायच्या. बहिणीचंही तसंच लिहिलं. घरचीच तर आहे, चांगली ठणठणीत आहे, म्हणून.

"आजचं खरं आहे, साहेब," नर्सबाई म्हणाली. "मागचं खोटं आहे. मोजलंच नव्हतं. मनाने लिहिलं मी."

डॉक्टर म्हणाला, "नोकरी जाईल तुमची. कळतंय ना?"

"नोकरी गेली चुलीत! पाया पडते तुमच्या, गाडी धाडा!"

वीस मिनिटांत गाडी आली. धाकटीला आत निजवलं. तिने ताईचा हात घट्ट धरून ठेवला होता. नर्सबाई पायरीवर चढली, तोच फोन वाजला. पुन्हा तोच डॉक्टर.

"सिस्टर, तुमच्या यादीत आणखी सव्वीस बायका हिरव्या आहेत. त्यांतल्या कुणाकुणाचं खरंच मोजलं होतं?"

तिने टॅब उघडला. बोट खाली-खाली सरकत गेलं. एकशे वीस-ऐंशी, एकशे वीस-ऐंशी.

"एकीचंही नाही, साहेब."

"मग आत्ता मोजावं लागेल. ती घरं तुम्हालाच ठाऊक आहेत. दुसरं कुणी द्यायला माझ्याकडे नाही."

"ताई, येतेयस ना?" आतून धाकटी विचारत होती. "मला भीती वाटतेय गं."

"हो गं राणी, आलेच मागून," नर्सबाई म्हणाली. आयुष्यात ती धाकटीशी पहिल्यांदाच खोटं बोलत होती. तिने बहिणीची बोटं एकेक करून सोडवली, खाली उतरली आणि बाहेरून दार लावून घेतलं.