बंद बुटांचा नियम

मधुमेहापायी उजव्या पायाची दोन बोटं कापावी लागली, तेव्हापासून आक्काने घराबाहेर पडणंच सोडलं होतं. जन्मभर वॉर्डात दुसऱ्यांच्या जखमा धुतलेली ही सिस्टर स्वतःचा पाय मात्र पोटच्या लेकीलाही धड बघू देत नसे. पण लेक बस चालवायच्या नोकरीत कायम झाली आणि मोठ्या हॉटेलात जेवायला चल म्हणून हातापाया पडली. आक्काची अट एकच होती, येईन तर पुढून कात्रीने कापलेल्या माझ्या मऊ सपाता घालूनच.

दारातच घोडं अडलं. मॅनेजर लोण्यासारखं बोलत होता. इथे बंद बूट लागतात, बाहेर पाटी आहे, बाकीच्या पाहुण्यांना बरं वाटत नाही. लेकीचा पारा चढला. पाहुणे टेबलाखाली बघत जेवतात का, असं तिने विचारलं. आक्का मात्र तिची बाही ओढत घरी चल म्हणत होती. आज दारातून परतली तर ती पुन्हा कधी बाहेर पडणार नाही, हे लेकीला पक्कं ठाऊक होतं.

तेवढ्यात मॅनेजरने कपाटातून काळ्या बुटांचा जोड काढला. अशा लोकांसाठी हॉटेलच बूट ठेवतं म्हणे. टेबलापर्यंत घाला, मग खुशाल काढा, कोण बघतंय!

हे मात्र आक्काला झोंबलं. दाराशेजारच्या बाकावर तिने बैठक मारली आणि पाय पुढे केला.

"तुमचा नियम ना? मग तुम्हीच घाला."

बिचारा गुडघ्यावर बसला. सपात काढली, मोजा ओढला आणि त्याचे हात थबकले. दोन बोटांच्या जागी नुसती गुलाबी कातडी होती. तो चटकन उठला, घसा खाकरला आणि म्हणाला, तुमच्यापुरता नियम बाजूला ठेवू, खिडकीजवळचं टेबल देतो.

लेकीचा जीव भांड्यात पडला. आक्का जागची हलली नाही.

"उद्या दुसरी कुणी सपाता घालून आली आणि तिची दहाही बोटं शाबूत असली, तर?"

"मॅडम, तुमची गोष्ट वेगळी आहे."

"काही वेगळी नाही. आत यायला मी पाय दाखवायचा, मग तिने काय दाखवायचं? नियम काढा, नाहीतर मी इथेच जेवते."

मॅनेजरला वाटलं, म्हातारी गंमत करतेय. लेकीला तसं मुळीच वाटलं नाही. ती आईला खेटून बसली आणि तिने वेटरला हाक मारून दोन सूप सांगितली. वेटरने मॅनेजरकडे बघितलं, मॅनेजरने छताकडे. सूप आलं.

येणारी-जाणारी मंडळी त्या पायाला वळसा घालून जाऊ लागली. काहींनी नाकं मुरडली. एका बाईने पाटी वाचली, आक्काकडे बघितलं, आपले उंच टाचांचे बूट काढून हातात घेतले आणि ती तशीच अनवाणी आत गेली. मॅनेजर तिला अडवायला दोन पावलं धावला आणि मुकाट्याने परत आला.

लेकीने खाली पडलेला मोजा उचलला. गार लागेल, चढवू का, असं तिने हळूच विचारलं.

"राहू दे," आक्का म्हणाली, "बघायचंय त्यांना बघू दे." आणि सुपाचा चमचा तोंडात घालत तिने पाय आणखी थोडा पुढे सरकवला.