आबांची कामाची गाठ

"आई, आबांच्या छातीत कुणीतरी टकटक करतंय," असं सांगत लेक आली, तेव्हा तिच्या नाकाला रुमाल लावत आई म्हणाली, "बरं, त्याला म्हणावं, आत ये. आधी शिंकर."

पोरीला एक शिंक आली तरी थर्मामीटर शोधणारी ही बाई. सासऱ्यांच्या गाठीकडे मात्र तिनं काणाडोळा केला. आबा सुतार. करवतीच्या यंत्रावर फळी पुढे रेटताना हातांबरोबर छातीही लावायची, ही त्यांची जन्माची खोड. मागे एकदा फळी उसळून बरगडीवर बसली होती. पुढे तिथंच लिंबाएवढी गाठ आली, तर घरातले सगळे तिला 'कामाची गाठ' म्हणू लागले. हाताला घट्टे पडतात, तशी छातीला ही.

गाठ ठणकू लागली तेव्हा आबांनी दवाखान्यात फर्मान सोडलं, "चीर द्या आणि मोकळं करा. दाराची चौकट अर्धी पडलीय माझी."

डॉक्टरांनाही पू झाल्यासारखं वाटलं. सुई तयार झाली. आबांच्या शर्टाची बटणं काढायला सून वाकली, आणि बोटांखाली काहीतरी उडालं. नाडीसारखं.

लेकीचं 'टकटक' तिला आत्ता कळलं. "डॉक्टर, थांबा! आधी हात ठेवून बघा ना. उडतंय हे."

"सूनबाई, गाठ माझी की तुझी?"

"आबा, तुम्ही गप्प बसा!" सासऱ्यांवर ती आजवर कधी ओरडली नव्हती.

डॉक्टरांनी बोटं टेकवली. मग सुई हळूच ट्रेमध्ये ठेवून दिली.

स्कॅनमध्ये दिसलं ते असं: त्या माराने बरगडीखालच्या धमनीची भिंत फाटून रक्ताचा फुगा धरला होता. "फार क्वचित दिसतं हे," मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "टोचलं असतं, तर रक्त आवरलं नसतं." त्यांनी मांडीतल्या धमनीतून बारीक नळी वर नेली आणि फुग्याच्या अलीकडे-पलीकडे तारेची वेटोळी बसवून रक्ताची वाट बंद केली. छाती उघडावी लागलीच नाही.

"ओरडतेस झकास," वॉर्डात आबा म्हणाले. "सासूची गादी चालवशील."

"चालवणारच. परत यंत्राला छाती लावलीत तर बघा!"

"मग रेटू कशानं?"

"ठोकळा घ्या लाकडाचा. सुतार ना तुम्ही?"

आबा बरगडी धरून हसले. तिनं त्यांची चादर सारखी केली. सारखीच होती, तरी पुन्हा केली.

हल्ली ती भेटेल त्याला सांगते, तुम्हालाही सांगते आहे: घरात "मला काही होत नाही" म्हणणारं एक माणूस असतंच. आज जरा त्याच्याजवळ बसा. कुठं दुखतंय विचारा, आणि ते नाही म्हणालं तरी एकदा हात ठेवून बघा.