तळाचे स्नायू

मोताळ्याच्या शाळेत कवायत शिकवणारे गुलाबराव मास्तर संध्याकाळी बुद्धविहारामागच्या पत्र्याच्या शेडात तालीम चालवत. माणसाच्या अंगातला एकही स्नायू आपल्या नजरेतून सुटलेला नाही, असा त्यांचा पक्का समज होता आणि कोणी विचारलं नाही तरी ते तो सांगत. शेडाच्या भिंतीवर त्यांनी स्वतः एक पैलवान रंगवला होता. दंड, छाती, मांड्या, पोटऱ्या, सगळं तांबडंलाल. कमरेला मात्र लंगोट. लंगोटाच्या आत काय आहे, हा मास्तरांच्या मते व्यायामाचा विषयच नव्हता.

जिल्हा परिषदा नव्यानंच आल्या होत्या आणि गावोगाव महिला मंडळं निघत होती. मोताळ्याच्या मंडळानं बायकांना व्यायाम शिकवा म्हणून मास्तरांना गळ घातली. मास्तर फुगले. पोरांना शिकवत तेच त्यांनी बायकांना शिकवलं: जागच्या जागी उड्या, बैठका, दम कोंडून दगडी गोटा उचलणं.

पहिल्या दिवशी शेडात उभं राहायला जागा नव्हती. आठवडाभरात निम्मी शेड ओस पडली. उड्यांची वेळ आली की लेकुरवाळ्या बायकांपैकी कोणाला चुलीवरची डाळ आठवे, कोणाला पाळण्यातलं लेकरू. मास्तरांनी मग आळसावर एक जोरदार भाषण ठोकलं. बायका खाली मान घालून ऐकत राहिल्या. सगळ्यांत वयस्कर गोजरबाई तेवढ्या म्हणाल्या, "मास्तर, तुमी बाई असते त असं बोलले नसते." मास्तरांना यात आपल्या पुरुषार्थाची तारीफच ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यातल्या नर्स सिंधूताई शाळेच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या.

"मास्तर, त्या आळशी नाईत. बाळंतपणानं ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ढिले पडतात. मग उडी मारली, वजन उचललं की लघवी सुटते. ते त्या तुमाले कशा सांगतीन?"

"तळाचे स्नायू?" मास्तर हसले. "असे स्नायू नसतात, ताई. असते त मले ठाऊक असते."

"असतात. तुमालेबी हायेत." सिंधूताईंनी आवाज जराही न चोरता सांगितलं, "लघवी आवरतो तसं आतून वर ओढाचं. मंग पुरं सैल सोडाचं. दम कोंडाचा नाई."

मास्तर विश्वास ठेवायला तयार नव्हते, पण शरीराच्या बाबतीत हार मानणंही त्यांच्या रक्तात नव्हतं. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला उभ्या उभ्याच त्यांनी करून पाहिलं. आधी कुल्ले आवळले गेले, मग पोट, मग जबडा. जे आवळायचं ते सोडून बाकी सगळं आवळलं गेलं. डोळे बाहेर आलेले पाहून हेडमास्तर जवळ आले आणि हळूच म्हणाले, "गुलाबराव, घाईची लागली असेल तर जाऊन या."

सबंध जन्म व्यायामात घालवलेला माणूस एका स्नायूपुढे असा उघडा पडला. संध्याकाळी घरी खाटेवर बसून त्यांनी पुन्हा सुरुवात केली.

"अवो, तोंड काऊन असं करून राह्यले?" भाकरी थापता थापता त्यांच्या बायकोनं, कलाबाईंनी विचारलं. "दाढ दुखते काय?"

मास्तरांनी लाजत लाजत सगळं सांगितलं. कलाबाई हसतील असं त्यांना वाटलं होतं. पण त्यांचे हात पिठावरच थांबले.

"त्याच्यावर व्यायाम असते?" त्या हळूच म्हणाल्या. "धाकटी झाल्यापासून मले होते. म्हणून त मी लग्नाकार्याले जात नाई. मायराले जावाचं म्हटलं तरी एसटीच्या धक्क्यायचं भेव वाटते."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"साऱ्या गावाले तुमी आळशी म्हणता. मले काय म्हणले असते?"

गावभर लोकांचे दंड चाचपत फिरणाऱ्या माणसाला आपल्या घरातली बाई खोकला आला की भिंतीला का टेकते, हे कधी दिसलं नव्हतं. भाकरी तव्यावर करपली, तीच त्यांनी मुकाट्यानं खाल्ली.

पुढच्या वर्गात मास्तरांनी बायकांची माफी मागितली. "तुमी आळशी नव्हत्या, मी अडाणी होतो," एवढंच त्यांना बोलता आलं. मग सिंधूताईंना पुढं करून ते स्वतः शेडाबाहेर जाऊन बसले. उड्या बंद झाल्या. गोटा उचलताना दम सोडायचा, असं ठरलं. गेलेल्या बायका हळूहळू परत येऊ लागल्या आणि त्यांच्यात मागच्या रांगेत कलाबाईही दिसू लागल्या.

मग मास्तरांनी तालमीतल्या पैलवानांनाही हे शिकवायला घेतलं. पोरं खो खो हसली. पण सगळे गेल्यावर कचरू पैलवान रेंगाळला. "मास्तर, हे म्हाताऱ्या मानसालेबी चालते काय? बापासाठी इचारून राह्यलो."

"चालते," मास्तर म्हणाले. "मी करून राह्यलो ना. अजून नीट जमत नाई, पण करून राह्यलो."

दिवाळीनंतर कलाबाई माहेरी, संग्रामपूरला निघाल्या. कितीतरी वर्षांनी. मास्तर स्टँडवर पोचवायला गेले. गाडी सुटता सुटता त्यांच्यातला शिक्षक उसळला आणि खिडकीमागे धावत ते ओरडले, "धक्का बसला का आतून वर ओढजो! दम कोंडू नोको!"

कलाबाईंनी पदर तोंडावर घेतला. "हळू बोला ना, सारी गाडी आयकून राह्यली!"

गाडी खरंच ऐकत होती. मागच्या बाकावरच्या दोन अनोळखी बायांनी तर पुढं वाकून कलाबाईंना विचारलंही, "काय म्हणे वो ते?" आणि कलाबाई त्यांच्याकडे वळून बसल्या.